साठ तास शिकवल्याचा दाखला

सहाव्या आठवड्यात निकाल लागला. परीक्षा व्हायची होती, शिकवणी सुरू व्हायची होती, शिकवणारं माणूस अजून कुणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. पण निकाल लागला, आणि आठही जणांना चारही विषयांत 'अ' श्रेणी मिळाली.

बातमी आणली लंब्यानं, आठांतल्या सगळ्यात उंच पोरानं. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर त्यानं सहज डोकावून पाहिलं होतं. मोबाइल नाचवत तो पॅकिंग शेडचा लोखंडी जिना चढला, माळ्यावरच्या खोलीच्या चौकटीवर रोजच्यासारखं डोकं आपटलं आणि कपाळ चोळत चोळतच ओरडला, "पास! सगळे पास!"

आठ जणं, पाच देशांची. मोडक्यातोडक्या परक्या भाषेत सगळ्यांचा संसार चाललेला. पण हा एक शब्द सगळ्यांना बरोब्बर कळला. कुणी टाळ्या पिटल्या, कुणी घरी फोन लावला. खुंटी तेवढी आपल्या पलंगावर बसून काडेपेटीच्या काडीनं नखांत अडकलेला हिरवा चीक काढत राहिली.

"कुणी दिले?" तिनं विचारलं.

"काय कुणी दिले?"

"मार्क."

"विद्यापीठानं दिले. आणखी कोण देणार?"

"विद्यापीठाला हात असतात का रे? कुणाच्या हातानं दिले, ते विचारतेय."

लंब्यानं मान हलवली आणि घरी फोन लावायला गेला.

खुंटी हे तिचं कागदावरचं नाव नव्हे. ते मामानं ठेवलेलं. चार वर्षांची असताना एका लग्नात ती मांडवाच्या दारात उभी राहिली आणि जोवर नवरीला जवळून बघायला मिळत नाही तोवर जागची हलली नाही. वऱ्हाडी दोन्ही बाजूंनी वळसे घालून जात होते. मामा म्हणाला, "ही पोरगी नाही, खुंटी आहे. एकदा ठोकली की निघायची नाही." नाव चिकटलं ते चिकटलंच. बाबा दवाखान्यात कंपाउंडर, आई घरी शिवणकाम करणारी. दोघंही पडतं घेणारी माणसं. हा ताठपणा हिच्यात कुठून आला, असा प्रश्न पडला की दोघंही आत्याकडे बघायची.

आत्या सरकारी कचेरीत कारकून होती. तीस वर्षं दुसऱ्यांचे कागद वाचून वाचून तिचे डोळे बारीक झाले होते आणि जीभ धारदार. कृषी महाविद्यालयाच्या तिसऱ्या वर्षाला असताना खुंटीची परदेशी विद्यापीठाच्या देवाणघेवाण योजनेत निवड झाली, तेव्हा घरात आनंदीआनंद झाला. पण आत्या चौदा पानांचा करारनामा घेऊन बसली. ओळीखाली पट्टी धरून एकेक पान वाचलं आणि खुंटीलाही वाचायला लावलं.

"सहीच्या आधी मागचं पान वाचायचं," आत्या म्हणाली. "आणि समोरचा फार गोड बोलत असला तर दोनदा वाचायचं."

नवव्या पानावर लिहिलं होतं: एक सत्र, चार विषय, प्रत्येकी साठ तास अध्यापन. पुढं शिकवणाऱ्यांची नावं. पहिलाच विषय वनस्पती शरीरक्रियाशास्त्र, म्हणजे झाड आतून जगतं कसं, पाणी कसं पितं, श्वास कसा घेतं. खुंटीला त्याच विषयाची ओढ होती.

प्रत्यक्षात घडलं ते असं. पहिले दोन दिवस विद्यापीठाच्या आवारात स्वागत झालं, ग्रंथालय दाखवलं, पायऱ्यांवर उभं करून फोटो काढला. तिसऱ्या दिवशी सकाळी एक व्हॅन आली आणि आठही जणांना पाऊण तासावरच्या एका शेतावर घेऊन गेली. तिथं पॉलिहाऊसची रांग होती, आणि आत ढोबळी मिरची. सकाळी सातला हातात छोटी कात्री मिळायची. फुटवे काढायचे, वाढते शेंडे सुतळीला गुंडाळायचे, देठ ठेवून फळं तोडायची, क्रेट भरायचे, प्रतवारी करायची. बुडाला काळा डाग पडलेलं फळ लाल क्रेटमध्ये, चांगलं हिरव्यात. दुपारी चारला सुटी. जेवण मिळे, झोपायला पॅकिंग शेडचा माळा मिळे, उशीलासुद्धा पुठ्ठ्याचा वास येई.

"हे प्रात्यक्षिक आहे," योजनेचे समन्वयक म्हणाले होते. ते पंधरवड्यातून एकदा येत आणि सतत हसत, म्हणून खुंटीनं त्यांचं नाव हसरे साहेब ठेवलं होतं. "निसर्ग हाच खरा वर्ग!"

"मग नवव्या पानावर निसर्गाचं नाव का नाही छापलं, सर? तिथं चार प्राध्यापकांची नावं आहेत."

साहेब आणखी हसले. "पुढच्या आठवड्यात तास सुरू होतील."

असे पाच 'पुढचे आठवडे' झाले, आणि सहाव्यात निकाल लागला.

त्या संध्याकाळी खुंटीनं घरी फोन केला. बाबांना आधी निकालच ऐकायचा होता.

"चारही विषयांत अ? शाब्बास! अगं, ऐकलंस का? चारही विषयांत!"

"बाबा, पण शिकवलंच नाही. एकही तास झाला नाही. मी रोज मिरच्या तोडतेय."

मग बाबा म्हणाले, "हे बघ बाळ, धर्माची गाय अन् दात का गं नाय, असं विचारू नये. मिळतंय ते घ्यावं, गप घरी यावं."

"धर्माची कसली, बाबा? ती गाय माझी नाहीच. कुणीतरी खोटा दाखला करून माझ्या दाव्याला बांधलीय. उद्या कुणी विचारलं, झाड पाणी कसं पितं, तर काय सांगू? अ मिळालाय, असं?"

आईनं फोन घेतला. जेवतेस ना, झोपतेस ना, अंग दुखतं का, एवढं विचारलं आणि फोन आत्याच्या हातात दिला. आत्यानं सगळं ऐकून एकच सांगितलं. "मार्कांच्या कागदावर कुणाची सही असेल. त्या माणसाला जाऊन भेट. आरडाओरडा नंतर."

शनिवारी अर्धा दिवस सुटी असे. खुंटी दोन बस बदलून विद्यापीठात गेली. ज्यांचं नाव पहिल्या विषयापुढं होतं, त्या प्राध्यापक बाईंची खोली तिला तीन जणांना विचारून सापडली. खोली तळघरात होती. दारावरच्या पाटीचं एक टोक निखळलं होतं. आत भिंतीला टेकून हातभर ते माणसाच्या उंचीच्या अरुंद पेट्या उभ्या होत्या. प्रत्येकीची एक बाजू काचेची, आत माती, आणि काचेला चिकटून पांढरी मुळं खाली खाली गेलेली. एक पिकल्या केसांच्या बाई स्टुलावर बसून काचेवर पट्टी लावून मुळांची लांबी मोजत होत्या. हातातलं मोजून, वहीत लिहून झाल्याशिवाय त्यांनी मान वर केली नाही.

"काय हवंय?"

"मी तुमची विद्यार्थिनी."

"मला विद्यार्थी नाहीत. चार वर्षांपूर्वी माझा तास बंद केला. मुळांत कुणाला रस नाही म्हणाले."

खुंटीनं मोबाइल पुढं केला. बाईंनी चष्मा कपाळावर ढकलून पडदा नाकाशी धरला. विषय वाचला, स्वतःचं नाव वाचलं, आठ नावं वाचली, आठ वेळा अ वाचला, खालची सही पाहिली. त्यांच्या गळ्याची शीर तटतटून वर आली.

"ही माझी सही नाही," त्या म्हणाल्या. "चौतीस वर्षांत मी तीन जणांना अ दिलाय. त्या तिघांचे चेहरे मला पाठ आहेत. त्यात तू नाहीस."

"म्हणून तर आले, बाई."

बाईंनी तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. तिच्या हातांवर चिकाचे डाग होते, नखं काळवंडलेली होती.

"काय तोडतेस?"

"ढोबळी मिरची."

"बुडाला काळा डाग पडतो?"

"पाचातल्या एकाला पडतो."

"का पडतो?"

हे खुंटीला पाठ होतं. "मातीत कॅल्शियम कमी पडतं म्हणून."

"चूक. बस खाली." बाईंनी पायानं एक खोकं तिच्याकडे सरकवलं. "मातीत कॅल्शियम बहुतेक वेळा भरपूर असतं. ते पाण्याबरोबर वर चढतं, आणि पाणी जिकडं जास्त जातं तिकडं जातं. पानं उन्हात पाणी उडवत असतात, ती ओढून घेतात. फळ बापडं गुळगुळीत सालीत बंद, ते फारसं पाणी उडवतच नाही. त्याच्या वाट्याला उरलंसुरलं. त्यात कुणी दिवसातून एकदाच भडाभडा पाणी सोडत असेल आणि मग मुळं कोरडी ठेवत असेल, तर फळाचं बूड मरतं. तुमच्याकडे पाणी केव्हा सोडतात?"

"दुपारी. एकदाच."

"मग मातीच्या नावानं कशाला बोटं मोडतेस?"

तो तास दीड तास चालला. खुंटीची शेवटची बस चुकता चुकता राहिली. सहा आठवडे ती त्या लाल क्रेटमध्ये फळं टाकत होती आणि ती फळं काय सांगताहेत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, या गोष्टीची तिला परतीच्या वाटेवर इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं.

बाईंनी सोमवारीच अधिष्ठात्यांना पत्र दिलं, की माझ्या नावानं न झालेल्या तासांचे मार्क भरले गेलेत आणि सही माझी नाही. बाईंना निवृत्तीला एक वर्ष होतं. त्यांना निरोप आला, की उगाच ताणू नका, तळघरातली जागा तशीही दुसऱ्या विभागाला हवी आहे. बाईंनी उलट निरोप धाडला: पेट्या जड आहेत, उचलायला चार माणसं पाठवा.

बुधवारी हसरे साहेब शेतावर आले. त्या दिवशी ते हसत नव्हते. पॅकिंग शेडमध्ये आठही जणांना उभं केलं आणि प्रत्येकाच्या हातात एक कागद दिला. 'आम्हाला ठरल्याप्रमाणे प्रत्येक विषयाचे साठ तास अध्यापन मिळाले आहे.' खाली सहीची जागा.

"कुणीतरी तक्रार केली आहे," ते म्हणाले. "चौकशी झाली तर मार्क रद्द होतील. एकाचे नाही, सगळ्यांचे. सही करा, विषय संपला."

पेनं निघाली. सगळ्यात आधी सही केली ताईनं. ती खुंटीच्या खोलीत राहायची, सव्वीस वर्षांची होती, आपल्या देशात शेतकी खात्यात नोकरी करत शिकत होती, आणि चार वर्षांची मुलगी सासूजवळ ठेवून आली होती. खुंटी तिला मनातल्या मनात ताई म्हणायची. सह्यांचे कागद गोळा करत साहेब खुंटीपर्यंत आले. तिनं आपला कागद उलटून मागं काही लिहिलंय का पाहिलं आणि साहेबांना परत दिला.

"हे खरं नाही, सर."

"सही नाही केलीस तर तुला एकटीला परत पाठवावं लागेल."

"पाठवा. कारण लेखी द्या."

"काय?"

"परत का पाठवताय, ते कारण. तुमच्या सहीनं. न झालेल्या तासांवर सही करत नाही म्हणून परत पाठवतोय, असं लिहून द्या. मी आजच बॅग भरते."

साहेबांनी हातातले कागद घडी करून खिशात घातले आणि व्हॅनचं दार जरा जास्तच जोरात लावून गेले.

माळ्यावर गेल्यावर ताईनं तिला धरलं.

"तुला काय वाटतं, तू एकटीच शहाणी? आम्हाला कळत नाही हे खोटं आहे ते? माझी पोर रोज फोनवर विचारते, किती दिवस राहिले. हा कागद घेऊन गेले की मला वरची जागा मिळेल. तुझ्या तत्त्वांचं काय लोणचं घालू मी?"

"तुझी पोर मोठी होऊन..." असं काहीतरी खुंटी म्हणायला गेली, पण ताईचा चेहरा बघून वाक्य गिळलं. एवढंच म्हणाली, "तू सही केलीस म्हणून मी तुला काही बोलले का?"

"बोलली नाहीस, तेच जास्त लागलं," ताई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला खुंटी पॉलिहाऊसमध्ये गेली. कात्री घेतली नाही. दोन ओळींच्या मधे एक हिरवा क्रेट पालथा घातला, वही काढली आणि बसली.

शेताची देखरेख करणारा पन्नाशीचा माणूस गुडघा चोळत आला. खुंटी त्याला मुकादम म्हणायची. वाईट माणूस नव्हता; वरून आलेला हुकूम खाली पोचवायचा, एवढंच त्याला ठाऊक.

"ऊठ पोरी. काय चाललंय?"

"तास. शरीरक्रियाशास्त्राचा पहिला तास. उरले एकोणसाठ."

"शिकवणार कोण?"

"आज मीच मला. काळा डाग का पडतो, ते लिहून काढतेय."

"वर कॅमेरा आहे. मालक बघतील."

"बघू दे की. निदान एक तास झाल्याचा पुरावा तरी राहील."

मुकादमानं डोक्याला हात लावला. तिला उचलून बाहेर ठेवणं त्याला जमणारं नव्हतं आणि मनातूनही नको होतं. दिवसभर सगळे तिला वळसा घालून क्रेट नेत राहिले. दुपारी उकाडा इतका वाढला की वहीची पानं घामानं चिकटायला लागली. लंब्या दोनदा येऊन "वेडी आहेस" म्हणून गेला. तिसऱ्यांदा आला तो पाण्याची बाटली ठेवून गेला.

शुक्रवारी लंब्यानंही क्रेट पालथा घातला. "तिकडं घरी माझा बाप काकडी लावतो," तो म्हणाला. "काल फोनवर विचारत होता, परदेशात नवीन काय शिकलास. मी म्हटलं, क्रेट उचलताना कंबर वाकवायची नाही, गुडघे वाकवायचे. बाप हसला. पण बराच वेळ हसला."

सोमवारपर्यंत पाच जण बसले. मागणी एकच होती: आम्हाला शिकवा. कामाला कुणाची ना नव्हती. मालकाचे फोन आले, मुकादमाचा चेहरा उतरला. कामाचे पैसे मागणारी माणसं त्यानं पाहिली होती, सुटी मागणारी पाहिली होती. तास मागणारी त्याला नवीन होती. यांना काय देऊन गप्प करायचं, तेच त्याला समजेना.

खुंटीनं फोनवर सगळं कळवलं होतं, आणि बुधवारी सकाळी बाई आल्या. दोन बस बदलून, खांद्यावर पिशवी, काखेत त्या काचेच्या पेट्यांपैकी सगळ्यात लहान पेटी, चादरीत गुंडाळलेली. मुकादमानं फाटकावरच अडवलं.

"खाजगी जागा आहे, बाई. बाहेरच्यांना आत घ्यायचा हुकूम नाही."

"बरं," बाई म्हणाल्या. भांडल्या नाहीत. फाटकापासून दहा पावलं गेल्या, तारेच्या कुंपणाला लागून पेटी उभी केली, चादर काढली आणि आत हाक मारली, "या रे. मुळं बघायला या."

पाच जणं धावत आली आणि कुंपणाच्या आतल्या बाजूला मातीत बसली. बाई बाहेरच्या बाजूला रस्त्याच्या कडेला उभ्या. मधे तारेची जाळी. जाळीतून बाई पट्टीनं दाखवत होत्या, हे टोक बघा, टोकाच्या मागं जी पांढरी लव आहे तिथून पाणी आत येतं, ती लव एका दुपारच्या कोरडीनं मरते. रस्त्यानं जाणारा एक टेम्पोवाला गाडी हळू करून बघत गेला. लंब्या जाळीला नाक लावून बसला होता. तास संपला तेव्हा त्याच्या नाकावर चौकटी उमटल्या होत्या.

दुसऱ्या खेपेलाही बाई बाहेरच उभ्या. त्या दिवशी मुकादम फाटकाशी रेंगाळत होता. तास ऐकत नाहीये असं दाखवण्यासाठी तो कुलपाला तेल घालत होता, आणि एका कुलपाला लागेल त्याच्या दसपट तेल घालून झालं होतं.

"बाई," शेवटी तो म्हणाला, "एक विचारू? तो काळा डाग. मालक म्हणतात माझं लक्ष नाही म्हणून पडतो. खरं काय?"

"खरं उत्तर कुंपणाबाहेरून देता येत नाही," बाई म्हणाल्या. "ठिबकची नळी बघावी लागेल, माती हातात घ्यावी लागेल."

मुकादमानं रस्त्याकडे पाहिलं, वर कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि फाटक उघडलं.

बाईंनी नळ्या तपासल्या, मूठभर माती दाबून पाहिली आणि पाण्याची वेळ बदलायला लावली. दुपारी एकदम सोडण्याऐवजी सकाळपासून थोडं थोडं, सहा वेळा. "आज लागलेली फळं तुला लगेच सांगणार नाहीत," त्या म्हणाल्या. "पुढं बघ." तीन आठवड्यांनी लाल क्रेट निम्मे झाले. मालकानं फोनवर काय म्हटलं ते मुकादमानं कुणाला सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून दुपारी बारानंतर कात्र्या खाली ठेवायच्या आणि शेडमध्ये तास घ्यायचा, असं ठरून गेलं. एका बाजूला फळा टांगला, बाईंसाठी खुर्ची आली. कुठून आली, कुणी विचारलं नाही.

ताई पहिले काही दिवस खाली आली नाही. मग एकदा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून ऐकताना दिसली. बाईंनी तिकडं न बघताच प्रश्न टाकला, "पायरीवरची, पाणी साचलेल्या मातीत झाड का सुकतं?" ताईनं पट्‌कन उत्तर दिलं, मुळांना हवा मिळत नाही, श्वास कोंडला की ती पाणीही घेऊ शकत नाहीत. बाई म्हणाल्या, "बरोबर. पुढं येऊन बस, तिथून फळा दिसत नाही." ताई पुढं आली. पण खुंटीच्या शेजारी बसली नाही.

चौकशी व्हायची ती झाली. आठही जणांचे चारही विषयांचे मार्क रद्द झाले. योजना पुढच्या वर्षापासून बंद. हसऱ्या साहेबांची दुसऱ्या विभागात बदली झाली, आणि तीही बढतीवर. नव्या केबिनमध्ये पुन्हा हसताहेत, असं बाईंनी सांगितलं. सहीचा तपास 'चालू आहे' म्हणे. बाईंच्या पेट्या खरोखरच तळघरातून निघाल्या. त्यातल्या चार त्यांनी पॅकिंग शेडमध्ये आणून ठेवल्या. मुकादमानं त्यांच्याभोवती दोरी बांधली आणि कुणी हात लावला की ओरडायला लागला.

सत्र संपताना बाईंनी परीक्षा घेतली. क्रेटची टेबलं, क्रेटचीच बाकं, तीन तास, नऊ प्रश्न. साठ तास पूर्ण झाले नव्हते, बावन्न झाले होते, आणि दाखल्यावर बाईंनी बावन्नच लिहिले. निकाल त्यांनी स्वतः वाचून दाखवला. ताईला ब. लंब्याला ड, काठावर. खुंटीला क.

"तू पाठ फार करतेस," बाई तिला म्हणाल्या. "भांडताना डोकं चालवतेस, तसं लिहिताना चालव."

निघायच्या दिवशी ताईनं बॅगेची चेन लावता लावता खुंटीला म्हटलं, "मी तुला माफ केलेलं नाही. माझे तीन विषय गेले. वरची जागा आता पुढच्या वर्षी, मिळाली तर."

"माहीत आहे."

"आणि तू भांडली नसतीस तर मी घरी जाऊन लोकांना काय शिकवलं असतं, तेही मला माहीत आहे. दोन्ही खरं आहे. एकानं दुसरं फिटत नाही."

खुंटीनं तिची बॅग जिन्यावरून खाली नेली.

घरी बाबांनी गुणपत्रक दोनदा वाचलं. "एवढा दंगा करून क?"

"हो."

"चार अ होते गं."

"बाबा, तुम्ही दवाखान्यात रिकामी बाटली औषध म्हणून देता का कधी?"

बाबांनी गुणपत्रक आत्याच्या हातातून काढून घेतलं आणि कपाटात, दागिन्यांच्या डब्याखाली नीट सपाट करून ठेवलं.

महाविद्यालयात मात्र कुणी कौतुक केलं नाही. एकच विषय धरता येतो, बाकी तीन पुन्हा करावे लागतील, सहा महिने मागं पडशील, असं विभागप्रमुखांनी सांगितलं. वर, "परदेशी विद्यापीठाशी संबंध बिघडवून आलीस," हेही ऐकवलं. खुंटीनं शांतपणे विचारलं की नवव्या पानावरचे तास झाले की नाहीत, हे आपल्या महाविद्यालयातून कुणी कधी फोन करून विचारलं होतं का. विभागप्रमुखांनी समोरची फाइल उघडली आणि वाचण्यात मग्न झाले.

मग ती आपल्याहून लहान पोरांच्या वर्गात बसायला लागली. पहिल्याच सोमवारी अकराचा तास होता, कीटकशास्त्राचा. सव्वाअकरा झाले, सर आले नाहीत. शिपाई दारातून डोकावला आणि म्हणाला, "आज तास नाही. जा घरी." पोरांनी हां हां म्हणता दप्तरं उचलली.

"थांबा," खुंटी म्हणाली. "बसून राहा. मी आलेच."

ती जिना उतरून प्राध्यापकांच्या खोलीकडे गेली. सर चहाचा कप हातात घेऊन कुणाशी तरी गप्पा मारत होते. खुंटी दारात उभी राहिली. सरांनी एकदा पाहिलं, पुन्हा बोलायला लागले. ती हलली नाही. दोन माणसं तिला वळसा घालून आत गेली, एक बाहेर आला.

"काय गं?" सर शेवटी म्हणाले.

"अकराचा तास आहे, सर. बेचाळीस पोरं बसलीयत. चहा संपवा, मी थांबते."